अर्धं भाजलेलं बेसन

दि. ४ फेब्रुवारी

चि. चष्मेवाली हिस अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. चार वर्षांत मी तुला एक ओळही लिहिली नाही आणि आज एकदम पत्र. घाबरू नकोस, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. माझी तब्येत ठीक. गुडघे कुरकुर करतात, पण शिलाई मशीनवर पाय अजून चालतो. सध्या शाळेच्या गणवेशाचं काम घेतलंय, पंचेचाळीस शर्ट. कॉलरी लावून लावून मला स्वप्नातही कॉलरीच दिसतात. तू अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहेस असं कळलं. डोळे तपासायला चांगलं माणूस आहे असं लोक म्हणतात. ऐकून बरं वाटलं.

तर कामाचं लिहिते. मला बेसनाचे लाडू करायचे आहेत.

तू हसशील. मी इतकी वर्षं संसार केला, आणि लाडू कसे करायचे ते तुला विचारतेय. पण खरं सांगते, तू लग्न होऊन आल्यानंतर ते खातं तू घेतलंस आणि मी मशीनवर बसून राहिले. नंतर दोनदा करून बघितले. पहिल्यांदा टाळूला असे चिकटले की बोलता येईना. दुसऱ्यांदा इतके कडक झाले की शेजारच्या कंपाउंडरकाकांनी आधी कवळी काढून ठेवली आणि मग नुसता चघळला. म्हणाले, "वहिनी, चव उत्तम आहे, पोचायला वेळ लागतो."

मला एवढंच सांग. पीठ जाडसर घ्यायचं की बारीक? तूप एकदम घालायचं की लागेल तसं? आणि भाजून झाल्यावर तू वरून काहीतरी शिंपडायचीस, मग ते चर्र करून फुगायचं, ते दूध की पाणी? मी बाहेरच्या खोलीतून आवाज ऐकायचे, पण उठून कधी बघितलं नाही.

वीस तारखेला पंधरा-वीस माणसं येणार आहेत. निमित्त तसं मोठं नाही.

खरं तर फोनच करणार होते. नंबर कंपाउंडरकाकांकडून घेतलाही होता. मग म्हटलं नको, फोनवर तुला उगाच. पत्रच बरं.

उत्तर दिलंस तर बरं होईल. नाही दिलंस तर मी आपली बाजारातून आणीन.

तुझी,
आई

(सवयीने लिहिलं गेलं. खोडत बसत नाही.)


दि. ११ फेब्रुवारी

चि. चष्मेवाली हिस आशीर्वाद.

तुझं कार्ड काल मिळालं. चार वेळा वाचलं. वर 'ती. आई' नाही, खाली नाव नाही, मधे नुसती कृती. तरी अक्षर बघून बरं वाटलं. तू लिहिलंयस, "चण्याची डाळ जाडसर दळून आणा, तयार पिठाचे करू नका. तूप आधी निम्मं, मग लागेल तसं. आच मंद. ढवळणं थांबवायचं नाही. रंग बदलला आणि कढईच्या कडेला तूप सुटलं की दुधाचा हबका मारा, पाण्याचा नाही. कोमट झाल्याशिवाय साखर घालायची नाही, घाई केलीत तर पातळ होईल. पाहुणे कोण ते विचारत नाही."

शेवटचं वाक्य कशाला लिहिलंस? विचारायचं नव्हतं तर न लिहितासुद्धा चाललं असतं. काल संध्याकाळपासून ते डोक्यात बसलंय. आज सकाळी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. उसवल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. शेवटी मशीन बंद करून कागद घेतला.

पाहुणे म्हणजे त्याच्या दुसऱ्या लग्नाच्या बोलण्यांसाठीची माणसं आहेत.

मुलगी औषधाच्या दुकानात काम करते. मुलगी म्हणजे चौतीस वर्षांची आहे. आईवडील नाहीत, मोठा भाऊ आणि एक मावशी. हा त्यांच्या इमारतीत लिफ्ट दुरुस्तीला गेला होता, ही आत अडकली होती. पाऊण तास तो बाहेरून तिच्याशी बोलत राहिला, तिला घाबरू दिलं नाही. दार उघडल्यावर आधी पाण्याची बाटली पुढे केली. तुला माहीत आहे तो बाहेर कसा असतो ते. इमारतीतली माणसं अजून त्याचं नाव काढतात.

गेल्या रविवारी ती घरी आली होती. हसतमुख आहे, पण डोळे फिरते ठेवते. मी चहा करत होते तर मागून आत आली, ओट्याला टेकली आणि सरळ विचारलं, "काकू, पहिलीचं नक्की काय झालं?"

मी म्हटलं, "पटलं नाही दोघांचं."

"कशावरून?"

"अगं, भांड्याला भांडं लागतं. त्यांचं जरा जास्त लागलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चहा उतू जातोय." खरंच जात होता.

तो आता बदललाय. मी हे मावशींना सांगितलं, तिच्या भावाला सांगितलं, कंपाउंडरकाकांना सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. काका नुसते म्हणाले, "बदलला असेल तर चांगलंच आहे, वहिनी," आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

आणखी एक सांगायचं राहिलं. डिसेंबरात मी तुझ्या दुकानासमोर आले होते. बटणं घ्यायला त्या बाजूला गेले आणि पाय तिकडे वळले. समोरच्या फुटपाथवर चपलांच्या दुकानाशी उभी राहिले. तू एका म्हाताऱ्या गृहस्थांना चष्मा लावून बघत होतीस. ते काहीतरी बोलले की तू मान डावीकडे वळवायचीस आणि उजवा कान त्यांच्यापुढे धरायचीस. एकदा नाही, दर वेळी. तुला स्वतःलाही आता ते कळत नसेल. मी दहा मिनिटं उभी होते. चपलावाला विचारायला लागला, "कितीचा नंबर, आजी?"

बटणं न घेताच घरी आले.

डाळ दळायला टाकली आहे. जाडसर सांगितली आहे.

आई


दि. २४ फेब्रुवारी

चि. चष्मेवाली हिस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून थेट लिहिते.

लग्नाची बोलणी झाली नाहीत. पाहुणे आलेच नाहीत. तो घर सोडून गेला आहे. हे सगळं माझ्यामुळे झालं आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितेय. आज सहा दिवस झाले. मी एका जागी दहा मिनिटं बसलेली नाही. हे पत्रसुद्धा उठत-बसत लिहितेय, जिना वाजला की दाराशी जातेय. तेव्हा मागेपुढे झालं तर समजून घे.

अठरा तारखेला दुपारी मी लाडवाला बसले. दीड किलो पीठ, मोठी कढई, तुझं कार्ड खिडकीच्या गजाला चिमट्याने अडकवलेलं. एवढ्यात ती आली. औषधाच्या दुकानाला अर्धा दिवस सुट्टी होती. म्हणाली, "काकू, एवढे लाडू एकट्या कशा वळणार? मला शिकवा तरी." ओढणी कमरेला बांधली आणि कालथा माझ्या हातातून घेतला. पंधरा मिनिटांत घामाघूम झाली. म्हणाली, "हे लाडू आहेत की व्यायामशाळा?" मी खूप दिवसांनी मोकळी हसले.

तो त्या दिवशी घरीच होता. पहिल्या खोलीत कंपनीच्या साहेबांशी फोनवर बोलत होता. बोलता बोलता आत आला आणि म्हणाला, "वीस तारखेला सकाळी अकराची वेळ सांगून टाकतो सगळ्यांना."

ती ढवळता ढवळता म्हणाली, "अकरा नको, दादाला बारापर्यंत जमणार नाही. साहेबांना काय, ते कधीही येतील." आणि हसली. फोन चालूच होता. पलीकडे ऐकू गेलं असणार.

फोन आटोपून खिशात ठेवला आणि तो तिच्या जवळ आला. तोंडावर हसू होतं. तिचा मोकळा हात मनगटाशी धरला आणि अगदी हळू म्हणाला, "लोकांसमोर माझं बोलणं तोडायचं नाही. एकदाच सांगतो."

तिला वाटलं, थट्टा करतोय. "बरं साहेब," म्हणाली. त्याने हात सोडला आणि तो बाहेर गेला. ती पुन्हा ढवळायला लागली. मनगटावर चार बोटं उठली होती, तिने ओढणीने पुसल्यासारखं केलं.

तेच वाक्य, पोरी. आवाज तोच, "एकदाच सांगतो" हेही तेच. चार वर्षांपूर्वी मी ते भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

आता ते लिहिते. तुला सगळं माहीत आहे. पण मला काय माहीत होतं ते तुला माहीत नाही.

त्या दिवशीसुद्धा तू बेसन भाजत होतीस. त्याने आतून हाक मारली. तू माझ्या हातात कालथा दिलास आणि म्हणालीस, "आई, दोन मिनिटं बघा, लागू देऊ नका." तू आत गेलीस, दार लागलं. आदल्या दिवशी त्याच्या मित्रांसमोर तू काहीतरी बोलली होतीस, त्यावरून चाललं होतं. मी प्रत्येक शब्द ऐकला. मग आवाज आला. पहिला आला तेव्हा मला वाटलं काहीतरी पडलं. खोटं. मला काही तसं वाटलं नाही. मला पहिल्यालाच कळलं. मग दुसरा आला. मग तू ओरडलीस, ते ओरडणं अर्ध्यातच थांबलं.

स्वयंपाकघरातून ते दार सहा पावलांवर आहे. परवा मी मोजली.

मी ढवळत राहिले. बेसन लागेल म्हणून. मी स्वतःशी हेच म्हणत होते, लागू द्यायचं नाही, लागू द्यायचं नाही. हात जोरात फिरत होता. तू बाहेर आलीस ती कानावर हात धरून. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. तू आधी माझ्याकडे बघितलंस आणि मग कढईकडे.

डॉक्टरांकडे मीच तुला घेऊन गेले. तू बोलायच्या आत मीच बोलले, "न्हाणीघरात पाय घसरला, नळावर आपटली." डॉक्टरांनी तुला विचारलं, "असंच झालं का?" आणि तू माझ्याकडे बघत राहिलीस. मी तुझा हात दाबला. लोकांना वाटलं असेल, सासू धीर देतेय. मी तुला गप्प करत होते. तू गप्प बसलीस. त्यांनी मी सांगितलं तसं लिहून घेतलं. पुढे तू माहेरी गेल्यावर तुझ्या वकीलबाईंनी तो कागद मागवला, आणि त्यावर माझं न्हाणीघर होतं. मी माझ्या वाक्याने तुझं वाक्य खोटं पाडलं.

घरी आल्यावर ते लाडू मी वळले. आठ दिवस आम्ही दोघांनी ते खाल्ले. छान झाले होते.

हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर त्या दिवशी, म्हणजे अठराला, मी गॅस बंद केला. ती म्हणाली, "काकू, अजून रंग आला नाही." मी म्हटलं, "असू दे. गच्चीवरचे कपडे काढायचेत, चल." ती म्हणाली, "मी ढवळते, तुम्ही जा." मी तिचा हात धरून तिला ओढतच नेलं. गच्चीवर आमच्या घरातला एकही कपडा नव्हता. कंपाउंडरकाकांची लुंगी तेवढी वाळत होती.

मी तिला सगळं सांगितलं. तुझ्यासारखं नीट सांगता आलं नाही, अडखळत सांगितलं. कान सांगितला, डॉक्टर सांगितले, तुझ्या मानेचं वळणं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर माझ्या गळ्यात पडेल. तिने तसलं काही केलं नाही. लुंगीकडे बघत उभी राहिली. मग विचारलं, "तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"स्वयंपाकघरात."

"काय करत होतात?"

"बेसन ढवळत होते."

तिने कमरेची ओढणी सोडली. म्हणाली, "त्या रविवारी मी तुम्हाला विचारलं होतं, काकू. दहा दिवस तुम्ही काय केलंत?" ती जिना उतरली, पण आमच्या दारासमोर थांबली नाही, खालीच गेली. तिची पर्स आमच्याकडे राहिली होती. संध्याकाळी तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. दारातूनच नमस्कार केला, पाणीसुद्धा घेतलं नाही.

त्याला रात्रीपर्यंत कळलं. मला वाटलं आरडाओरडा करेल. खुर्चीवर बसला आणि विचारलं, "तू माझी आई आहेस ना?"

मी हो म्हटलं.

"मग तिला का सांगितलंस?"

मी म्हटलं, "तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझा हात धरायला हवा होता. मी तुझा हात धरला नाही, तिचा धरला."

"कोणाचा?"

"तुझ्या बायकोचा, डॉक्टरांकडे. तिने बोलू नये म्हणून."

तो खुर्चीवरून उठला. मग म्हणाला, "मी रोज मारत नव्हतो." आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा लहानपणी वर्गातली काच फोडून आल्यावर बघायचा. मी तेव्हा शाळेत जाऊन सांगितलं होतं की काच आधीपासूनच तडकलेली होती. त्या नजरेला माझी काय सवय आहे हे मला ठाऊक आहे. पुढे होऊन डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं. हात पदरात गुंडाळून बसले.

सकाळी तो अवजारांची पिशवी आणि चार कपडे घेऊन गेला. कामावर जातो, एवढं कळलंय. राहतो एका मित्राकडे. फोन उचलत नाही. मला त्याची काळजी वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवला असेल का, हे रोज दोनदा मनात येतं. जिना वाजला की मी अजून त्याच्याच पावलांची वाट बघते. तुला हे वाचून राग येईल. येऊ दे.

इमारतीत बोलणं चालू आहेच. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "स्वतःच्या हाताने पोराचं वाटोळं केलंत." कंपाउंडरकाका भाजी आणून देतात, बोलत मात्र नाहीत. काल पिशवी ठेवताना एवढंच म्हणाले, "त्या दिवशी मीही घरीच होतो, वहिनी. आपली भिंत एकच आहे." आणि गेले. मी दार लावून तिथेच जमिनीवर बसले. म्हणजे आम्ही दोघं होतो. तू आत एकटी होतीस आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं होती.

कढई तीन दिवस तशीच ओट्यावर होती. बेसन कच्चट वास मारायला लागलं, तेव्हा फेकून दिलं. राहिलेल्या पिठाचे लाडू करणार नाही. घरात खायला कोणी नाही, आणि मलाही जाणार नाहीत.

आता कामाचं. परवा मी त्या डॉक्टरांकडे गेले. ते आता फारसे बसत नाहीत, त्यांची मुलगी बघते. तिला म्हटलं, चार वर्षांपूर्वी मी इथे खोटं सांगितलं होतं, ते बदलायचं आहे. ती म्हणाली, "आजी, जुन्या नोंदी बदलता येत नाहीत. पण तुम्ही वेगळं लिहून दिलंत तर मी त्याच फाइलीला जोडते." तिथेच बाकावर बसून लिहिलं. दीड पान झालं. एक प्रत त्या फाइलीत आहे. दुसरी या पाकिटात आहे, माझ्या सहीची. तिच्यावर आज सकाळी साक्षीदार म्हणून कंपाउंडरकाकांनी सही केली आहे. त्यांनी खाली स्वतःच्या दोन ओळीही लिहिल्या आहेत, मी सांगितलं नव्हतं.

तुला त्याचं काय करायचं ते तू ठरव. वकीलबाईंना दे, फाडून टाक, कपाटात ठेव. कुठे उभं राहून बोलायचं असेल तर मी येईन, तो समोर बसलेला असला तरी येईन. त्याला हे मी चिठ्ठीने कळवलं आहे. त्याच्यापासून लपवून काही करायचं नाही असं ठरवलंय, कारण आजवर सगळं त्याच्यासाठी लपवूनच केलं.

माफ कर असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. पुन्हा वाचून खात्री करून घेतली. माफी मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल, निदान नाही म्हणायचे कष्ट घ्यावे लागतील. तेही तुझ्यावर टाकायचे नाहीत. उत्तर नको. मला बघायला येऊ नकोस. मीही तुझ्या दुकानासमोर येऊन उभी राहणार नाही.

सोबतच्या कागदावर मी काय सांगितलं आहे ते तुला वाचायचं नसेल, तर पहिलं वाक्य तेवढं वाच. ते असं आहे: 'ती घसरली नव्हती, तिला माझ्या मुलाने मारलं, मी ऐकत होते.'

सही बाकावर बसून केली म्हणून अक्षर हललंय. पण सही माझीच आहे.

जिने खोटं सांगितलं ती,
तुझी एकेकाळची सासू